बल, जडत्व आणि गती : पहिल्यांदा शिकवणाऱ्यांसाठी

टेबलावर एक पुस्तक ठेवा, त्याला हलका धक्का द्या आणि ते थांबल्यावर समोरच्या विद्यार्थ्यांना विचारा, 'पुस्तक का थांबलं?' बहुतेक वेळा उत्तर येतं, 'धक्का संपला म्हणून.' कुणी म्हणतं, 'जोर कमी पडला.' उत्तर चूक आहे, पण ते आळसातून आलेलं नाही. ढकललेली प्रत्येक वस्तू थांबताना पाहत मोठा झालेला माणूस हेच म्हणणार. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात जवळपास हेच मांडलं होतं, आणि ती समजूत मोडायला जवळजवळ दोन हजार वर्षं गेली. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने तिच्यावर नेमके आक्षेप घेतले, तरी फेकलेल्या वस्तूत फेकणारा काहीतरी भरतो आणि त्यावर ती चालते, असंच त्या दोघांनाही वाटत होतं.

इतकी खोल रुजलेली समजूत फळ्यावर न्यूटनचे तीन नियम लिहून जात नाही. विद्यार्थी नियम पाठ करतात, जुनी समजूतही जपतात आणि दोन्ही एकाच डोक्यात गुण्यागोविंदाने नांदतात. त्यामुळे या विषयात शिकवणाऱ्याचं खरं काम एकच आहे असं मी मानतो. 'वस्तू कशामुळे हलत राहते?' हा प्रश्न विद्यार्थ्याच्या हातून सुटला पाहिजे आणि त्याजागी 'तिची गती कशामुळे बदलते?' हा प्रश्न आला पाहिजे. पुढचा सगळा क्रम त्यासाठीच लावला आहे. सूत्र त्यात मुद्दामच उशिरा येतं.

साहित्य फार लागत नाही: एक पोलादी गोळी किंवा काचेची गोटी, ती घरंगळेल अशी वाकणारी प्लास्टिकची पन्हळ, मोजपट्टी, दोन तानकाटे (ओढ न्यूटनमध्ये दाखवणारे स्प्रिंगचे काटे), एक लाकडी ठोकळा, दोरा, दोन सारख्या बाटल्या, काही नाणी, पुठ्ठा आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करणारा मोबाईल. मोबाईल असेल तर फारच उत्तम, कारण पूर्वी प्रयोगशाळेतच दिसायचं ते आता कुणालाही दिसू शकतं.

पायरी १ : सांगण्याआधी विचारा

पहिल्या दिवशी व्याख्या देऊ नका. चार प्रश्न द्या आणि प्रत्येकाला आपापलं उत्तर, कारणासह, कागदावर लिहू द्या.

एक, चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटल्यानंतर, तो अजून वर जात असताना, त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? बाणांनी दाखवा.

दोन, सपाट सरळ रस्त्यावर गाडी अगदी एकसारख्या वेगाने चालली आहे. तिला पुढे नेणारं बल मागे ओढणाऱ्या बलापेक्षा जास्त आहे, तेवढंच आहे की कमी?

तीन, दोऱ्याला बांधलेली गोटी जमिनीवर गोल फिरते आहे. दोरा अचानक तुटला तर ती कोणत्या वाटेने जाईल? चित्र काढा.

चार, भरधाव ट्रकची सायकलला धडक बसली. ट्रकने सायकलवर लावलेलं बल मोठं, की सायकलने ट्रकवर लावलेलं?

उत्तरं गोळा करा. बरोबर-चूक काहीही सांगू नका, चेहऱ्यावरही दाखवू नका. नव्या शिक्षकाला हे सगळ्यात अवघड जातं, कारण चुकीचं उत्तर समोर आलं की हात आपोआप खडूकडे जातो. पण उत्तर लगेच दिलं तर विद्यार्थी ते उतरवून घेतो आणि त्याचा स्वतःचा विचार कुठे अडकला होता हे तुम्हाला कधीच कळत नाही. कागद जपून ठेवा. पुढची प्रत्येक पायरी यातल्या कुठल्या ना कुठल्या उत्तराला हात घालते.

पायरी २ : आधी गतीचं वर्णन, बलाचं नाव न घेता

बल म्हणजे काय हे समजायला गती बदलली की नाही हे ओळखता यावं लागतं, आणि तेच बऱ्याच जणांना येत नसतं. म्हणून काही काळ 'का' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि फक्त 'कसं' ते पाहा.

गोटी सपाट फरशीवर घरंगळत सोडा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि वरून चित्रण करा. मग ठरावीक फ्रेम सोडून थांबत जा आणि गोटीची जागा कागदावर ठिपक्याने दाखवा. ठिपके समान अंतरावर असतील तर वेग एकसारखा. ठिपके विरळ होत गेले तर वेग वाढतो आहे, दाट होत गेले तर कमी होतो आहे. हीच पट्टी पडणाऱ्या चेंडूची केली तर सुंदर आकडे दिसतात. सुटल्यापासून पहिल्या ०.१ सेकंदात चेंडू सुमारे ४.९ सेंटिमीटर पडतो, पुढच्या तेवढ्याच वेळात १४.७ आणि त्यापुढच्या ०.१ सेकंदात २४.५ सेंटिमीटर. म्हणजे १, ३, ५ या प्रमाणात. उतारावरून गोळे सोडून गॅलिलिओला हेच विषम संख्यांचं प्रमाण सापडलं होतं, आणि त्याच्याकडे वेळ मोजायला घड्याळ नव्हतं. भांड्यातून झिरपलेलं पाणी तोलून तो वेळ ठरवत असे.

यानंतर त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते. वेग वाढणं, वेग कमी होणं आणि दिशा बदलणं, या तिन्हींत त्वरण आहे हे पहिल्यापासून ठासून सांगा. रोजच्या बोलण्यात वेग वाढला तरच त्वरण असं वाटतं, आणि तो समज वळणावरच्या गतीपर्यंत त्रास देतो.

एक उदाहरण आकड्यांसह जरूर घ्या. चेंडू १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकला. एका सेकंदाने त्याचा वेग ९.८, दोन सेकंदांनी शून्य, तीन सेकंदांनी ९.८, पण खालच्या दिशेने. आता विचारा, सगळ्यात वर असताना त्वरण किती? निम्मा वर्ग 'शून्य' म्हणेल. मग विचारा, 'वेग शून्य आणि त्वरणही शून्य असेल, तर पुढच्या क्षणी चेंडू कुठे असेल?' तो तिथेच हवेत लटकून राहायला हवा. तो तसा राहत नाही, कारण वेग शून्य असला तरी तो बदलतो आहे, दर सेकंदाला ९.८ ने, आधी बदलत होता तितकाच. 'किती आहे' आणि 'किती बदलतंय' या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या, की ही पायरी झाली.

पायरी ३ : दोन उतार

हा प्रयोग गॅलिलिओचा आहे आणि त्याची जागा दुसरा कुठलाच प्रयोग घेऊ शकत नाही. पन्हळ इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून दोन्ही टोकं उंच धरा. एका बाजूने गोळी सोडा. ती खाली येते, दुसऱ्या बाजूने चढते आणि सोडली होती जवळजवळ तेवढ्या उंचीपर्यंत जाते. उंची मोजा. थोडी कमी भरेल. किती कमी, तेही लिहून ठेवा.

आता दुसऱ्या बाजूचा चढ कमी करा. गोळी पन्हळीवरून जास्त अंतर जाते, पण उंची जवळपास तीच गाठते. चढ आणखी कमी करा, अंतर आणखी वाढतं. इथे थांबा आणि विचारा, 'दुसरी बाजू पूर्ण आडवी केली तर?' गोळी उंची शोधत जाते आहे, आणि ती उंची आता कधीच येणार नाही.

बहुतेक जण म्हणतील, 'खूप लांब जाऊन थांबेल.' बरोबरच आहे, प्रत्यक्षात थांबतेच. म्हणून लगेच दुसरा भाग करा. एकाच उंचीवरून सोडलेली गोळी खाली एकदा टॉवेलवर येऊ द्या, एकदा सतरंजीवर, एकदा गुळगुळीत फरशीवर. प्रत्येक वेळी सुरुवातीचा वेग तोच, तरी थांबण्याचं अंतर वेगळं. मग 'धक्का संपला' हे उत्तर कसं टिकेल? धक्का तर तिन्ही वेळा सारखाच होता. वेगळा होता तो पृष्ठभाग. थांबवणारं काहीतरी बाहेर आहे, आणि ते जितकं कमी तितकी गोळी लांब जाते. ते शून्य असेल तर काय, हे वाक्य विद्यार्थ्यांना पूर्ण करू द्या. तुम्ही करू नका.

गॅलिलिओच्या मनातली आडवी वाट पृथ्वीच्या गोलाईला धरून जाणारी होती. अडवणारं काहीही नसेल तर वस्तू सरळ रेषेतच जात राहील, हे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ मध्ये छापून मांडलं, आणि न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात त्याला पहिल्या नियमाचं स्थान दिलं. हा इतिहास मुलांना सांगावा असं मला मनापासून वाटतं. एवढ्या मोठ्या माणसांनाही हा नियम टप्प्याटप्प्याने उलगडला, हे कळलं की स्वतःच्या गोंधळाची लाज वाटत नाही.

खऱ्या जगातलं उदाहरण हवं असेल तर व्हॉयेजर १ घ्या. १९७७ मध्ये सुटलेलं हे यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललं आहे. प्रक्षेपणाच्या वेळी रॉकेटने आणि पुढे १९७९ मध्ये गुरू व १९८० मध्ये शनी जवळून जाताना त्यांच्या गुरुत्वाने त्याला हा वेग दिला. त्याचे छोटे थ्रस्टर आता फक्त अँटेना पृथ्वीकडे वळवून ठेवण्यासाठी चालतात. पुढे जाण्यासाठी ते काहीच जाळत नाही.

पायरी ४ : जडत्व, आणि ते बल नाही

पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं, पुठ्ठ्याला टिचकी: नाणं पेल्यात. जडत्व, म्हणजे आहे ती गती आपणहून न बदलण्याचा वस्तूचा गुणधर्म, समजावायला हा प्रयोग सगळेच दाखवतात. करा, पण नंतर एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका: 'नाण्याला जागेवर कुणी धरून ठेवलं?' 'जडत्वाने,' असं उत्तर आलं तर समजा की जुनी समजूत नवं नाव घेऊन परत आली आहे. नाण्याला कुणीच धरलं नव्हतं. पुठ्ठ्याचं घर्षण इतका थोडा वेळ टिकलं की नाण्याची गती फारशी बदलली नाही, बस. गती न बदलायला कारण लागत नाही, बदलायला लागतं.

बसने ब्रेक मारला की आपण 'पुढे फेकले जातो' असं म्हणतो. कुणीच फेकत नाही. बस हळू होते, आपण आधीच्या वेगाने जात राहतो. सीटबेल्ट आपल्याला मागे ओढतो तेच खरं बल, आणि ते आपला वेग कमी करतं. आकृतीत जडत्वाचा बाण कधीही, कुणालाही काढू देऊ नका.

जडत्व वस्तुमानावर अवलंबून असतं, हे दाखवताना वजन मध्ये येतं. 'जड वस्तू ढकलायला कठीण, कारण ती जमिनीवर जास्त दाबते', हा आक्षेप योग्यच आहे. तो दूर करायला दोन सारख्या बाटल्या लांब दोऱ्यांनी टांगा, एक रिकामी, एक पाण्याने काठोकाठ भरलेली. वजन दोऱ्याने पेललेलं आहे, जमिनीचं घर्षण नाही. आता एका बोटाने दोन्ही आडव्या ढकलून पाहा, मग हलणाऱ्या बाटल्या थांबवून पाहा. भरलेली हलवायलाही कठीण, थांबवायलाही कठीण. हा फरक बोटाला कळतो, डोळ्यांपेक्षा चांगला. अंतराळवीरांचं वस्तुमानही असंच मोजतात. तिथे वजनकाटा चालत नाही, म्हणून १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर स्प्रिंगला जोडलेल्या खुर्चीत बसवून झोके मोजले होते. वस्तुमान जास्त तर झोका संथ.

वेळ असेल तर दोऱ्याचा प्रयोगही घ्या. जड वजन एका दोऱ्याने टांगा आणि त्याच्याखाली तसाच दुसरा दोरा लोंबता ठेवा. खालचा दोरा हळूहळू ओढला तर वरचा तुटतो, कारण त्याच्यावर तुमची ओढ आणि वजन दोन्हींचा ताण आहे. झटका दिला तर खालचा तुटतो, कारण वजनाला हलून वरचा दोरा ताणायला वेळच मिळत नाही. खाली उशी ठेवा आणि पाय दूर ठेवा.

इथेच पृथ्वीच्या फिरण्याचा प्रश्न येतो, आणि हुशार विद्यार्थी तो विचारतोच. विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने पूर्वेकडे जाते. उडी मारून अर्धा सेकंद हवेत राहिलो तर सव्वादोनशे मीटर मागे का पडत नाही? कारण उडी मारतानाच आपण त्या वेगाने चाललेले होतो. गॅलिलिओने १६३२ मध्ये शांतपणे चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण देऊन हे समजावलं, आणि १६४० मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ गासेंदीने मार्सेयजवळ चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडून दाखवला. तो डोलकाठीच्या पायथ्याशीच पडला.

पायरी ५ : प्रत्येक बलाला दोन नावं

बलाची व्याख्या 'ढकलणं किंवा ओढणं' एवढीच पुरे. त्याला एक नियम जोडा आणि तो शेवटपर्यंत सोडू नका. प्रत्येक बल या साच्यात लिहायचं: 'अमक्याने तमक्यावर लावलेलं बल'. लावणारी वस्तू सांगता आली नाही, तर ते बल नाही.

या एका सवयीने अर्ध्याअधिक चुका आपोआप गळतात. पहिल्या दिवशीच्या चेंडूवर काहींनी वरच्या दिशेने 'फेकण्याचं बल' दाखवलं असेल. कुणी लावलं? हाताने. हात आता चेंडूला लागलेला आहे का? नाही. मग बाण खोडा. उरलं काय? पृथ्वीने चेंडूवर खाली लावलेलं बल, आणि हवेने लावलेला किंचित विरोध. वर जाताना, सगळ्यात वर आणि खाली येताना गुरुत्वाचा बाण तोच, तेवढाच, खाली. चेंडू वर जातो कारण हातातून सुटताना त्याला वरचा वेग होता, आणि तो वेग कमी होतो कारण बल खाली आहे. हे पटायला वेळ लागतो. लागू द्या.

उलट अडचण टेबलाची असते. पुस्तक टेबलावर पडून आहे, टेबल कसं काय ढकलेल? तेच पुस्तक आधी जाड स्पंजवर ठेवा. स्पंज दबतो आणि वर ढकलतो, हे सगळे मान्य करतात. मग दोन टेकूंवर ठेवलेल्या लवचीक मोजपट्टीवर ठेवा, पट्टी वाकते. मग विचारा, टेबल वाकत असेल का? टेबलावर छोटा आरसा ठेवा, त्यावर तिरका लेसर सोडा आणि परावर्तित ठिपका दूरच्या भिंतीवर पडू द्या. टेबल जोरात दाबलं की ठिपका सरकतो. टेबल वाकतं, फक्त डोळ्यांना दिसेल एवढं नाही. लेसर कुणाच्याही डोळ्यांच्या रेषेत येणार नाही, एवढी काळजी घ्या.

आकृती काढताना वस्तू एका ठिपक्याने दाखवा आणि फक्त त्या वस्तूवर लागणारी बलं काढा. तिने दुसऱ्यावर लावलेली बलं त्या आकृतीत येत नाहीत.

पायरी ६ : एकसारखा वेग म्हणजे बलं समतोल

संपूर्ण विषयात सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते इथे, म्हणून इथे घाई नको. लाकडी ठोकळ्याला तानकाटा लावा आणि टेबलावरून एकसारख्या वेगाने ओढा. काटा एका आकड्याच्या आसपास राहतो, समजा ३ न्यूटन. विचारा, ठोकळ्यावर एकूण बल किती? 'तीन,' असं उत्तर येईल, 'कारण तो हलतोय ना.' आता दुसऱ्या पायरीकडे न्या. वेग बदलतो आहे का? नाही. मग त्वरण? शून्य. मग मागे ओढणारं घर्षण किती असायला हवं? बरोबर तीन.

'मग तो हलतो तरी कसा?' हा प्रश्न येईलच, आणि तो आला की आनंद माना. हलायला लागण्यासाठी सुरुवातीला क्षणभर जास्त ओढावं लागलं होतं. पुन्हा करून दाखवा. सुरुवातीला काटा पुढे जाऊन मागे येतो. यात स्थिर वस्तूवरचं घर्षण हलत्या वस्तूवरच्या घर्षणापेक्षा बहुधा जास्त असतं, याचाही वाटा आहे, पण तो तपशील नंतर सांगितला तरी चालतो. एकदा वेग आला की तो टिकवायला एकूण बल लागत नाही. आपली ओढ फक्त घर्षणाला पुरून उरत नाही एवढीच, म्हणजे त्याच्या बरोबरीची. गाडीच्या प्रश्नाचं उत्तरही 'तेवढंच' हेच आहे. विमानातून उडी घेतलेला माणूस पोट खाली करून पडत असेल, तर काही सेकंदांनी त्याचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटरला स्थिरावतो. त्या क्षणापासून हवेचा विरोध त्याच्या वजनाएवढा असतो, तरी तो पडतच असतो.

पायरी ७ : आता सूत्र

एकूण बल = वस्तुमान × त्वरण. हाच न्यूटनचा दुसरा नियम. 'एकूण' हा शब्द गाळू देऊ नका. १ किलोग्रॅम वस्तूला १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देणारं बल म्हणजे १ न्यूटन. हातावर १०० ग्रॅमचं वजन ठेवलं की जाणवतं ते जवळपास तेवढंच, ०.९८ न्यूटन.

मी एकच गणित सुचवतो, पण ते पूर्ण करा. २ किलोग्रॅमची पेटी स्थिर आहे. तिला १० न्यूटनने ओढलं, घर्षण ४ न्यूटन. एकूण बल ६ न्यूटन, त्वरण ३ मीटर प्रति सेकंद वर्ग. दोन सेकंदांनी वेग ६ मीटर प्रति सेकंद, आणि अंतर ६ मीटर. इथे दोर सोडून द्या. आता फक्त ४ न्यूटन घर्षण, तेही मागच्या दिशेने. वेग दर सेकंदाला २ ने कमी होतो, म्हणजे पेटी तीन सेकंदांनी थांबते, आणि तोपर्यंत आणखी ९ मीटर पुढे जाते. ओढत असताना ६ मीटर, सोडल्यावर ९! त्या ९ मीटरभर पुढच्या दिशेने एकही बल नाही, पेटी मात्र पुढेच जाते आहे. बलाची दिशा आणि गतीची दिशा वेगळी असू शकते, हे शब्दांत कितीही सांगितलं तरी या आकड्यांइतकं पटत नाही.

जड आणि हलकी वस्तू एकाच वेळी का पडते, हेही याच सूत्रातून निघतं. १० किलोग्रॅमवर पृथ्वीची ओढ ९८ न्यूटन, १ किलोग्रॅमवर ९.८. ओढ दहापट, पण हलवायचं वस्तुमानही दहापट. त्वरण दोन्हीकडे ९.८. कागद हळू पडतो तो हवेमुळे. कागद पुस्तकापेक्षा लहान कापून पुस्तकाच्या वर ठेवा आणि दोन्ही सोडा. कागद पुस्तकाबरोबरच खाली येतो. अपोलो १५ मोहिमेत १९७१ मध्ये डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडलं होतं. त्याचं चित्रण दाखवा, आवाज बंद ठेवून, आणि काय होईल ते आधी लिहून घ्या.

वस्तुमान आणि वजन वेगळं करायलाही चंद्रच बरा. ६० किलोग्रॅमच्या माणसाचं वजन पृथ्वीवर ५८८ न्यूटन, चंद्रावर सुमारे ९७. वस्तुमान दोन्हीकडे ६०, आणि घर्षण नसेल तर त्याला आडवं ढकलून तेवढाच वेग द्यायला दोन्हीकडे तेवढंच बल लागेल. अंतराळ स्थानकात मात्र गुरुत्व नाही असं सांगू नका. ४०० किलोमीटर उंचीवरही गुरुत्वाचं त्वरण सुमारे ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. स्थानक आणि आतली माणसं सोबतच पडत असतात, म्हणून ती तरंगताना दिसतात.

पायरी ८ : जोडीची बलं

दोन तानकाटे एकमेकांत अडकवा आणि दोन विद्यार्थ्यांना ओढायला सांगा. एकाने कमी, दुसऱ्याने जास्त ओढायचा प्रयत्न करू द्या. आकडे जुळलेलेच राहतात.

'मग दोन्ही बलं एकमेकांना रद्द का करत नाहीत?' दोन नावांची सवय इथे पुन्हा कामी येते. अ ने ब वर लावलेलं बल आणि ब ने अ वर लावलेलं बल, ही जोडी. ती दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, दोन वेगळ्या आकृत्यांत जातात, म्हणून बेरजेत एकत्र येतच नाहीत. पुस्तकावरची पृथ्वीची ओढ आणि टेबलाचा आधार ही जोडी नव्हे. दोन्ही पुस्तकावरच आहेत. पृथ्वीच्या ओढीची जोडीदार म्हणजे पुस्तकाने पृथ्वीवर लावलेली ओढ. ९.८ न्यूटनच्या ओढीने पृथ्वीला किती त्वरण मिळतं ते काढायला लावा: दशांश चिन्हानंतर २३ शून्यं आणि मग १६.

ट्रक आणि सायकलचं उत्तर बहुतेकांचं चुकलेलं असतं. बल सारखंच. ट्रकचं वस्तुमान काही शे पट, म्हणून त्याचा वेग जेमतेम बदलतो आणि सायकलचा प्रचंड बदलतो. बल आणि त्या बलाचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इजा परिणामाने होते.

पहिल्या फेरीत काय वगळावं

वर्तुळाकार गतीचा प्रश्न एका कड्याने सुटतो. रिकाम्या चिकटपट्टीच्या पुठ्ठ्याच्या कड्यातला एक तुकडा कापा, कडं टेबलावर ठेवा आणि आतून गोटी फिरवा. कापलेल्या जागेतून ती सरळ बाहेर जाते, स्पर्शरेषेवर. वळणही घेत नाही आणि केंद्रापासून थेट बाहेरही उसळत नाही. कडं आत ढकलत होतं तोवर दिशा बदलत होती, ढकलणारं संपलं तशी दिशा बदलणंही संपलं.

केंद्रोत्सारी बलाचं नाव मात्र पहिल्या फेरीत काढू नका. वळणावर बसमध्ये बाहेर ढकलल्यासारखं वाटतं हे खरं, पण ते बल कुणी लावलं हे विचारलं तर नाव सापडत नाही. फिरत्या चौकटीतून, म्हणजे वळणाऱ्या बसमध्येच बसून, हिशेब करताना ते उपयोगी पडतं, आणि तो हिशेब जमिनीवर उभं राहून करायचा पक्का झाल्यावरच शिकवावा. संवेग (वस्तुमान × वेग) आणि ऊर्जाही तोवर थांबू शकतात. दुसऱ्या नियमाचं मूळ रूप संवेगाच्या भाषेत आहे, पण ज्याला अजून वेग आणि त्वरण वेगळं करता येत नाही त्याच्यासमोर तिसरी राशी ठेवून काही साधत नाही.

सरावासाठी आकडे नसलेले प्रश्न अर्ध्याहून जास्त ठेवा. वस्तू दाखवायची, बलांचे बाण काढायला लावायचे, प्रत्येक बाणाशेजारी दोन नावं लिहायला लावायची, आणि शेवटी एकच विचारायचं: हिची गती बदलते आहे का, आणि बदलत असेल तर कोणत्या दिशेने.